नव्याण्णवची चाकं

दहावीच्या निकालानंतर माझी मुलगी मला 'तुम्ही' म्हणायला लागली. त्याआधी 'बाबा, तू' होतं. निकालाच्या दिवशी मी जे बोललो ते बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "तुम्ही चहा घेतलात?" माझ्या बायकोला वाटलं पोरगी शहाणी झाली. तो मान नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मीही हटवादी. म्हटलं, म्हणू दे.

निकाल अठ्ठ्याहत्तर टक्के आणि वर काही पॉइंट असा होता. आमच्या सोसायटीत त्या वर्षी सात मुलं दहावीला, त्यातली सहा नव्वदच्या पुढे. पेढे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच हसत सांगत होतो, "आमच्याकडे अठ्ठ्याहत्तर. आमच्या मॅडम चाकांवर असतात ना." ती आतल्या खोलीत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच मी आवाज चढवत होतो.

चाकांवर म्हणजे स्केटबोर्डवर. नववीत असताना कुणा मैत्रिणीने जुना बोर्ड दिला आणि घरात ही कटकट शिरली. आम्ही उलव्याला राहायला आलो ते मोकळ्या रस्त्यांच्या मोहाने. रस्ते आहेत खरे, चांगले चार गाड्या शेजारी जातील एवढे, पण दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले प्लॉट आणि दिवसभर खडीचे डंपर. खिडक्या उघडल्या की जेवणात धूळ. त्यातलाच एक रस्ता खाडीकडे उतरतो आणि पुढे मातीच्या ढिगाऱ्याशी संपतो. कुठेच जात नसल्यामुळे माती टाकायला येणारा एखादा डंपर सोडला तर तिथे वाहनं येत नाहीत. आठदहा पोरंपोरी रविवारी सकाळी त्या उतारावर जमायची, त्यात आमचीही.

मला त्या फळीचा तेवढा राग नव्हता. गावी आम्हीही जुन्या बेअरिंगांची गाडी करून देवळाच्या उतारावरून घरंगळलो आहोत, गुडघे फोडून घेतले आहेत. राग आला तो शब्दांचा. आमच्या गाडीला आम्ही गाडी म्हणायचो. इथे फळी म्हणायची सोय नाही, डेक म्हणायचं. खालच्या दांड्याला ट्रक. तीस वर्षं न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे उभं राहून डिझेलचा धूर खाल्लेल्या माणसाला पोटची पोर सांगते की ट्रक म्हणजे वीतभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा. जेवताना फोन कानाला लावून तिचं चालायचं, व्हील-बाइट झाला, फ्लॅट स्पॉट पडलाय. एकदा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"घरात मराठीत बोलायचं," मी म्हटलं.

"मराठीत शब्द सांगा, बोलते."

"चाक झिजलं, म्हण."

"झिजणं वेगळं. झिजतं ते सगळीकडून. फ्लॅट स्पॉट म्हणजे एकाच जागी सपाट होतं. घासत थांबलं की पडतो."

"मग झिजलंच ना?"

"नाही," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या एका दिवशी तिच्या आईला ती काहीतरी समजावत होती. डावा पाय पुढे ठेवून उभं राहणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला गूफी, आणि ती गूफी. मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "रेग्युलर तू कधी होतीस?" बायको हसली नाही. तीही हसली नाही. मला मात्र तो विनोद दिवसभर पुरला.

माझं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. एका क्लिअरिंग एजंटकडे मी कागदपत्रं बघतो. कंटेनरमधून काय आलं, कशाचं आलं, किती आलं, हे कागदावर नीट उतरवायचं. वर्णन चुकलं की कंटेनर अडकतो आणि सगळे माझ्या नावाने खडे फोडतात. माल खराब निघाला तर आयातदाराच्या वतीने दाव्याचं पत्रही मीच लिहितो. माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलेले चार रकाने मी अजून पाळतो. काय आहे, कशाचं आहे, कशासाठी आहे, दोष काय. आणि एक सक्त नियम होता त्यांचा, ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो कागदावर लिहायचा नाही. या शिस्तीचा मला गर्व आहे. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी लेबल वाचायला शिकवतो आणि चुकले की चारचौघांत पाणउतारा करतो.

तर अकरावीच्या वर्षी तिची चाकं संपली. माझ्याशी थेट बोलणं नसल्यामुळे मागणी आईच्या हातून आली, चिठ्ठीवर. '६० मिमी, ७८ ए, चार नग.' नग हा शब्द तिने माझ्या कागदांवरून उचलला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. माझं लक्ष गेलं आकड्याकडे.

"परत अठ्ठ्याहत्तर?" मी म्हटलं.

"तिचा वाढदिवस येतोय," बायको म्हणाली. "तुम्ही स्वतः जाऊन आणा. आणि तुम्ही दोघं आता एकमेकांशी बोला. मला पोस्टमन करू नका."

म्हणून मी वाशीला एका दुकानात गेलो. काउंटरवर बारीक केस कापलेली एक मुलगी होती, नाकात चमकी, हातभर गोंदलेलं. भिंतीवर रंगीत चाकांची पाकिटं टांगलेली आणि प्रत्येकावर दोन आकडे, एक मिलिमीटरचा आणि एक पुढे 'ए' असलेला. अठ्ठ्याहत्तर ए, ब्याऐंशी ए, पंच्याण्णव ए, नव्याण्णव ए. मला काही विचारायची गरजच वाटली नाही. आयुष्यभर मी काजूचे ग्रेड वाचले, रसायनांची शुद्धता वाचली, आणि पोरीची मार्कशीट वाचली. आकडा मोठा तो माल चांगला, आणि ए म्हणजे ए ग्रेड. जे माणूस बंदरात शिकतो आणि जे मराठी बाप घरात शिकतो, दोन्ही माझ्या बाजूने होतं.

"कुठे चालवते ती?" दुकानातल्या मुलीने विचारलं. "रस्त्यावर का पार्कमध्ये?"

"तुम्हाला काय करायचंय? सगळ्यात वरचा नंबर कुठला ते दाखवा."

"वरचा म्हणजे हार्ड पायजे?"

"वरचा म्हणजे वरचा."

तिने खांदे उडवून एक पाकीट काढलं. बावन्न मिमी, नव्याण्णव ए. चिठ्ठीतल्यापेक्षा चाक लहान होतं. मी म्हटलं, भारी वस्तू आकाराने लहानच असते. तिने परत काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. मी तोवर पाकीट हातात घेऊन मागची बाजू वाचायला लागलो होतो, आणि कुणी लेबल वाचत असताना मध्ये बोललेलं मला चालत नाही.

वाढदिवसाला केक कापण्याआधी मी पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. नुसतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "चिठ्ठीत अठ्ठ्याहत्तर होतं. म्हटलं, निदान चाकं तरी नव्याण्णवची असू देत."

बायकोच्या हातातली सुरी केकवर तशीच थांबली. पोरीने पाकीट उचललं, आकडे वाचले, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"बाबा, हे नाइंटी-नाइन ए..."

"हो. वरचा ग्रेड. मला शिकवू नकोस, तीस वर्षं लेबलं वाचतोय."

ती थांबली. मग म्हणाली, "थँक यू."

त्या थँक यूने मी फुशारलो. "ते जुनं भंगार टाकून दे आता," मी म्हटलं, "आणि रविवारी मी येतो बघायला. बघू तरी काय एवढं असतं." ती बघतच राहिली. मला वाटलं आनंद झाला.

रविवारी साडेसातला मी उतारावर गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरं फाटक्या पँटीतली. एकजण म्हणाला, "काका, साइडला व्हा ना जरा." मी झालो नाही. रस्ता काय त्याच्या बापाचा होता? बाकीच्यांचे बोर्ड माझ्या समोरून जात होते ते घुमल्यासारखा बारीक आवाज करत. आमचीचा बोर्ड मात्र खडखडत होता, पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा. मला त्याचाही अभिमान वाटला. म्हटलं, दणकट माल आहे, आवाज येणारच. एक मुलगी तिच्याजवळ जाऊन चाकांकडे बोट दाखवून हळूच काही म्हणाली. आमचीने मान हलवली, नाही म्हणून, आणि माझ्याकडे एकदा बघून बोर्ड घेऊन वर गेली.

निघाली तेव्हा छान दिसत होती, हे मला सांगितलं पाहिजे. उजवा पाय पुढे, गुडघे थोडे वाकवलेले, हात सैल. घरात खांदे पाडून वावरणारी ही मुलगी तिथे कुणी वेगळीच होती. अर्ध्या उतारावर डंपरमधून सांडलेली खडी होती, मूठभर, फार नाही. तिच्याआधी तिघंजण त्यावरून गेले होते. तिचं पुढचं चाक एका खड्यावर अडलं, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि ती थांबली नाही. डावा हात टेकून पडली. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. पण तिचा चेहरा बघून मला कळलं.

मी काय केलं? आधी बोर्ड उचलून चाक बघितलं. तडा आहे का, कुठे टवका उडालाय का. ती रस्त्यावर बसली होती, दोन मुली तिला धरून होत्या, आणि मी चाकाची तपासणी करत होतो. मग त्या पोरांवर ओरडलो, मग रिक्षावाल्यावर, मग हॉस्पिटलात केसपेपर लिहिणाऱ्या बाईवर. प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. घरी आल्यावर मी निकाल दिला.

"चाक खराब निघालं असेल तर त्या दुकानाला मी सोडत नाही. चाक चांगलं असेल तर चूक तुझी, मग बोर्ड भंगारात. विषय संपला."

"दोनच ऑप्शन?" तिने विचारलं.

"तिसरा कुठला?"

तिने प्लॅस्टरकडे बघितलं आणि खोलीत गेली. त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. 'तुम्ही' सुद्धा नाही. प्लॅस्टरवर तिच्या दोस्तांनी काहीबाही लिहिलं होतं, आणि जेवताना मी ते उलट्या बाजूने वाचायचो. त्यातले अर्धे शब्द मला माहीत नव्हते. विचारायची सोय नव्हती आणि विचारणार तरी कोण?

शनिवारी दुपारी मी डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसलो, दुकानाला दाव्याचं पत्र लिहायला. बोर्ड समोर उलटा ठेवला. चार रकाने आखले आणि मोठ्याने वाचत लिहायला लागलो, तशी सवय आहे मला. "एक. लाकडी फळीस लोखंडी दांड्यांनी जोडलेली चार रबरी चाके."

ती पाणी प्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, "रबर नाही. युरेथेन. आणि लोखंड नाही ते."

मी पेन थांबवलं. "मग काय आहे?"

ती उभीच राहिली. जाईल असं वाटलं, पण चुकीचं वर्णन कागदावर गेलेलं तिलाही बघवत नाही, तेवढी ती माझी आहे. समोरची खुर्ची पायाने ओढून बसली. "लिहा," ती म्हणाली. "डेक. मेपलचे सात थर चिकटवलेत. कशासाठी, तर उभं राहायला आणि वाकायला. दोष नाही."

मी लिहिलं. मग ट्रक. ॲल्युमिनियमचे, दोन नग, वळायसाठी. दोष नाही. ट्रकच्या मधल्या खिळ्यावर बसवलेले दोन मऊ गोळे दिसत होते, मी वॉशर लिहिलं. "बुशिंग," ती म्हणाली. "वॉशर वेगळे, ते पातळ असतात. बुशिंग दाबलं जातं, म्हणून बोर्ड वळतो. फार टाइट केलं तर वळत नाही." मग बेअरिंग. तो शब्द ऐकून मला जरा हायसं वाटलं, माझ्या ओळखीचा एक तरी निघाला. चार चाकांत आठ, प्रत्येकात दोन. तिने उजव्या हाताने चाक फिरवलं आणि ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. दोष नाही.

खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. दावा ठोकण्याच्या निमित्ताने का होईना, अर्धा तास ती माझ्याशी बोलत होती, आणि चांगलं समजावत होती, माझ्यासारखी अंगावर न येता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला डोळ्यानेच खूण केली की बघ, बोलतोय. तिने मान फिरवली. तिला बहुतेक माझ्याआधी दिसलं होतं हे कुठे चाललंय.

"पाच," मी म्हटलं. "चाक. युरेथेन. व्यास बावन्न मिलिमीटर. दर्जा नव्याण्णव ए."

"दर्जा नाही तो."

"मग?"

"ड्युरोमीटर. कडकपणाचा आकडा आहे."

"आणि ए?"

"ए म्हणजे पट्टी. इंच असतात, सेंटिमीटर असतात, तशी. आकडा मोठा म्हणजे चाक कडक. एवढंच."

मी पेन टेबलावर ठेवलं. ती उठून खोलीत गेली आणि खेळाचा एक मोजा घेऊन आली, खाली काहीतरी जड लोंबत होतं. तोंड उलटं करून तिने टेबलावर चार चाकं ओतली. तिची जुनी चाकं. मी टाकून दे म्हटलेलं भंगार तिने कपाटात जपून ठेवलं होतं. एक चाक तिने माझ्याकडे सरकवलं.

"नख रुतवा."

मी अंगठ्याचं नख दाबलं. चाकात ते हळूच रुतलं आणि काढल्यावर खूण भरून आली. मग तिने बोर्ड पुढे केला. नव्या चाकावर नख दाबलं तर घसरलं, जसं बाथरूमच्या टाइलवर घसरावं. मी दोनतीनदा दाबून बघितलं, या चाकावर आणि त्या चाकावर. आठवीतल्या पोराला कळेल एवढी सोपी गोष्ट होती ती, आणि दुकानातल्या गोंदलेल्या मुलीने मला विचारली होती, कुठे चालवते, रस्त्यावर का पार्कमध्ये.

"कशासाठी तो रकाना राहिलाय," ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात. ऑफिसातल्या पोरांना मी असाच छळतो.

"सांग."

"बावन्न, नव्याण्णव ए. पार्कमधल्या गुळगुळीत सिमेंटसाठी. तिथे हेच लागतं, मऊ चालत नाही. आपल्या रस्त्यासाठी साठ, अठ्ठ्याहत्तर. खडा आला तर चाक स्वतः दबतं, वरून निघून जातं. कडक आणि लहान असलं की अडतं."

"दोष काय?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही. रकाना होता म्हणून.

"चाकात? काही नाही. चांगलं चाक आहे."

आमच्या धंद्यात फेटाळलेल्या दाव्याचं उत्तर एकाच वाक्यात येतं. माल सदोष नाही, वापर चुकीचा. ते वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय आणि समोरच्या कंपनीला शिव्या घातल्यात. त्या दिवशी ते माझ्या स्वतःच्या टेबलावर, माझ्या अक्षरात लिहायची वेळ आली. आणि मी काय करावं? मी तिच्यावर उलटलो. माझ्यासारखा माणूस चूक दिसली की आधी दुसऱ्याची मान शोधतो.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"पाकीट उघडल्यापासून."

"हो."

"मग बसवलीस कशाला? जुनी होती ना मोज्यात? हात मोडून घेऊन मला धडा शिकवायचा होता?"

ती चाकं परत मोज्यात भरायला लागली. एका हाताने मोज्याचं तोंड उघडत नव्हतं. एक चाक टेबलावरून घरंगळून खाली गेलं. मी उचललं नाही. बायको दारातून म्हणाली, "पुरे आता." पोरीने वाकून चाक उचललं, काखेत धरलं आणि उभी राहून म्हणाली, "तू बघायला येणार होतास."

मी उलटा बोर्ड सरळ केला.

"दोन वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली. "जुनी लावली असती तर तू आधी ती बघितली असतीस, आणि तिथूनच घरी गेला असतास."

गेलो असतो. शंभर टक्के गेलो असतो. वर चारचौघांत म्हटलं असतं की एवढ्या प्रेमाने आणलेली चाकं हिने लावली नाहीत. मला ते शब्दसुद्धा तयार दिसले, मी कुठे उभा राहून, कुठल्या आवाजात बोललो असतो तेही. ती मला लेबलासारखं वाचत आली होती, आणि चुकत नव्हती.

दाव्याचा कागद फाडायचा नसतो, त्यावर निकाल लिहून फाइलला लावायचा असतो. मी शेवटच्या रकान्याखाली लिहिलं, 'माल सदोष नाही. घेणाऱ्याने विचारलं नाही.' खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. माफी कशी मागतात हे मला आजही येत नाही. जे येतं ते केलं.

तिने कागद नीट वाचला, पहिल्या ओळीपासून, डेक, ट्रक, बुशिंग, सगळं. मग माझं पेन घेतलं आणि शेवटच्या दोन शब्दांवर काट मारली.

"विचारलं नाही असं नाही," ती म्हणाली. "सांगू दिलं नाही. तसं लिहा."

मी तसं लिहिलं.

"बोर्ड राहतोय ना?"

"राहतोय," मी म्हटलं. "नवी चाकं आणतो. साठ, अठ्ठ्याहत्तर."

"मी आणेन," ती म्हणाली. "एक सांगते. तुम्ही बघायला यायचं नाही."

प्लॅस्टर निघून आता पाच महिने झाले. मनगट थोडं वाकडं जुळलंय, बांगडी चढवताना दिसतं. रविवारी सातला ती जाते. जिन्यात बोर्ड हातात असतो, गेटबाहेर गेल्यावर खाली ठेवते, आणि मऊ चाकांचा तो घुमणारा आवाज आमच्या खिडकीपर्यंत येतो. वळणापुढे बंद होतो. बायको म्हणते, जाऊन या एकदा, लांबून बघा, तिला कळणारही नाही. तिला कळेल. मी अजून गेलेलो नाही.